तीन दुकानांतली काळी दोन

कोणतीही वस्तू घेण्याआधी तिची पुरती चौकशी करायची, हा माझा जुना रोग आहे. मिक्सर घेताना मी दोन महिने घालवले होते आणि शेवटी शेजारणीकडे होता तोच घेतला. त्यामुळे आमच्या गावच्या भजनी मंडळाने अरेंजर कीबोर्ड घ्यायचं ठरवलं आणि निवड माझ्यावर सोपवली, तेव्हा माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

आमचं गाव सोनपेठच्या बाजूला, गोदावरीपासून फार लांब नाही. महादेवाच्या देवळात दर सोमवारी दिवेलागणीला भजन असतं आणि पेटीवर माझे वडील बसतात. त्यांना आम्ही आप्पा म्हणतो. त्यांच्या पेटीचा भाता फाटून गेला होता, दोनदा शिवला तरी वारा धरत नव्हता. त्यात तबला वाजवणारा नोकरीसाठी पुण्याला गेला. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. मंडळात बायका जास्त, आणि त्यांच्यात पुढे माझी वहिनी. तिनेच सांगितलं, "एकच मशीन आणू. पेटीबी त्यातच अन् तबलाबी त्यातच."

अरेंजर म्हणजे साधारण तेच. उजव्या हाताने चाल वाजवायची, डाव्या हाताने दोन-तीन पट्ट्या दाबून ठेवायच्या, की मागे तबला, टाळ, तंबोरा अशी सगळी साथ आपोआप चालू राहते. लहान मुलांचं खेळणं नको आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचं भारी धूडही नको, मधलं घ्यायचं ठरलं. मधल्यात निवड करणं फार अवघड, कारण सगळीच थोडी थोडी बरी असतात.

मी परभणीत शाळेत शिकवते. ते दिवस आठवले की मला अजून गुंगी येते. दुपारी घरी आलं की खिडकीशी पाय पसरून बसायचं, हेडफोन लावायचे आणि मोबाइलवर कीबोर्ड ऐकत राहायचं. कुठल्या कुठल्या देशांतली माणसं आपापल्या खोल्यांत बसून एकेक आवाज वाजवून दाखवत. बासरी, सनई, व्हायोलिनांचा ताफा, चर्चमधला मोठा बाजा. एक पांढऱ्या दाढीचा परदेशी म्हातारा तर तंबोऱ्याची पट्टी दाबून नुसता गप्प बसला होता. त्या झंकारात माझे डोळे मिटत. बाहेर भाजीवाला ओरडत जाई, त्याचंही ओरडणं त्या सुरात विरघळे. जाग आली तरी झंकार चालूच असायचा आणि आपण परभणीत आहोत की त्या म्हाताऱ्याच्या खोलीत, हे क्षणभर कळायचं नाही.

वहीत मी तीन मॉडेलं शेजारी शेजारी मांडली होती. पहिल्यात भारतीय ताल भरपूर. दुसऱ्याच्या पट्ट्या वजनदार, हळू दाबलं तर हळू वाजणाऱ्या. तिसरं हलकं आणि बॅटरीवर चालणारं, म्हणजे वीज गेली तरी भजन थांबणार नाही. प्रत्येकाचं एकेक उणं मी लाल पेनाने लिहिलं होतं. पहिल्याला सूर ओढायचं चाक नव्हतं, म्हणजे मींड गेली. दुसरं उचलायला दोन माणसं. तिसऱ्याचा तबला जरा पत्र्याच्या डब्यासारखा.

ही वही मी आप्पांना वाचून दाखवली. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "काळी दोन कशी हाय त्याची?"

काळी दोन म्हणजे पेटीवरची दुसरी काळी पट्टी. आमचं मंडळ तोच 'सा' धरून गातं. आणि आमच्याकडची रीत अशी, की आधी गळा, मग पेटी. गाणारा कशाचाही आधार न घेता नुसत्या गळ्याने सूर लावतो आणि मागून पेटी त्याला येऊन मिळते. दुसऱ्या गावचे लोक हसतात, पण आप्पांनी मंडळाला लावलेलं वळण आहे ते. पन्नास वर्षांत त्यांचा सूर लागला आणि पेटी जुळली नाही, असं कुणी पाहिलेलं नव्हतं.

आप्पांचं किराणा दुकान आता भावाकडे आहे, शेत बटईने दिलंय, डोळ्यांनी धान्यातला खडा दिसत नाही. त्यांच्याजवळ उरला तो कान. लोक लांबून त्यांच्याकडे पेट्या घेऊन येत. एखादा स्वर उतरला, म्हणजे खाली गेला, की आप्पा पेटी उघडून त्याची पितळी पट्टी ब्लेडच्या पात्याने हलकेच खरवडत आणि स्वर वर चढवत. स्वतःच्या पेटीला तर दर श्रावणात ते असं करत. भावाच्या दुकानात जाऊन बसलं तर गिऱ्हाईक त्यांच्याशी बोलत नसे, पण देवळात त्यांनी नुसती मान हलवली की गाणारा थांबायचा. त्या मान हलवण्यावर त्यांचं म्हातारपण उभं होतं, हे मला चांगलं माहीत होतं.

शनिवारी ते एसटीने परभणीला आले. स्वच्छ धोतर, टोपी, गळ्यात लिंग, आणि पिशवीत माझ्यासाठी गवारीच्या शेंगा. आम्ही पहिल्या दुकानात गेलो. आप्पांनी चपला बाहेर काढल्या, कीबोर्डला नमस्कार केला, डोळे मिटले आणि 'सा' लावला. मोबाइल पाहत बसलेल्या दोन माणसांनी वर पाहिलं. मग आप्पांनी काळी दोन दाबली आणि डोळे उघडले.

"उतरलेली हाय," ते म्हणाले.

मला गंमत वाटली. माझ्या वहीत एवढी कलमं, आणि हे उणं मला सापडलंच नव्हतं. दुकानदाराने तबला लावून दाखवला, सनई लावून दाखवली. आप्पा म्हणाले, "लय गोड वाजायलंय. पण उतरलेली हाय."

दुसऱ्या दुकानात तेच. सूर लावला, पट्टी दाबली, मान हलवली. "ही बी तशीच."

तिसरं दुकान एका गल्लीत, वरच्या मजल्यावर होतं. जिना चढताना आप्पा दमले. आत गारवा होता, खिडक्यांना निळ्या काचा होत्या, त्यामुळे भिंतीला टेकवलेल्या गिटारी, ढोलक्या, सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसत होतं. दुकानदार स्वतः वाजवणारा, मऊ बोलणारा माणूस. त्याने आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आप्पांनी सूर लावला. इतका शांत, इतका भरलेला लागला तो सूर, की मी वही मिटली. ढोलक्यांच्या पोटातून त्याची बारीक गुणगुण परत येत होती. मला वाटलं, आता काही घेऊच नये, इथेच बसून राहावं.

दुकानदाराने मात्र खिशातून मोबाइल काढला होता. सूर मोजायचं काहीतरी त्यात असतं. आप्पांचे डोळे मिटलेलेच होते. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. काटा मधल्या रेघेच्या बराच पुढे होता. मग त्याने हळूच काळी दोन दाबली, काटा बरोबर रेघेवर आला.

मशीन उतरलेलं नव्हतं. आप्पा चढलेले होते.

दर श्रावणात खरवडून खरवडून त्यांची पेटी वर सरकत गेली होती. एक स्वर चढवला की बाकीचे त्याला मिळवायचे, आणि पुढच्या वर्षी पुन्हा एक. पेटीमागून त्यांचा कान, कानामागून गळा, गळ्यामागून सगळं मंडळ. ऊसतोडी, पेरण्या, वेचण्या, लग्नं, सगळं त्या वर गेलेल्या सुरात होत आलं होतं आणि कुणालाच पत्ता नव्हता. आमचं गाव जगाच्या जरासं वर तरंगत होतं.

दुकानदार काही बोलणार, तेवढ्यात मी त्याला हाताने थांबवलं. आप्पांना म्हटलं, "ह्याच मॉडेलचा दुसरा पीस आहे म्हणतात, तो लावून बघू. तोवर तुम्ही आत बसून चहा घ्या." आणि त्यांची पाठ वळली तेव्हा कुजबुजत विचारलं, "हे सगळंच थोडं वर नेता येतं का?"

येत होतं. एक बटण, त्यात एक आकडा. जगभर वाद्यं ज्यावर जुळवतात तो, चारशे चाळीस. तो चारशे सत्तेचाळीसवर नेला.

आप्पा परत आले, सूर लावला, पट्टी दाबली. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते पाहून मला वाटलं, खोटं बोलले ते बरंच केलं. "ही बरोबर हाय," ते दुकानदाराला म्हणाले, "तुमी माल पारखून ठेवायलाव." दुकानदाराने हात जोडले आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

मशीन आमच्याच घरी ठेवलं होतं आणि बंद केलं की ते हा आकडा विसरायचं. म्हणून मी वहिनीला शिकवून ठेवलं, की आप्पा बसायच्या आधी हे बटण सात वेळा दाबायचं. वहिनी म्हणाली, "देवाला बेल वाहिल्यावानी रोज सात?" आणि तिने ते इमानाने केलं. सोमवारची भजनं सुरू झाली. मशीन कानामागून आलं आणि तिखट झालं, जुन्या पेटीवर ओढणी पडली. आप्पा खूश होते. मीही माझ्या शहाणपणावर खूश होते.

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेले. भर दुपार होती. वहिनी सोनपेठच्या बाजाराला गेलेली, अंगणात सोयाबीन वाळत पडलेलं, सगळीकडे पिवळसर सुस्ती. आतून आप्पांचा सूर ऐकू आला. मग पट्टी वाजली. पुन्हा सूर, पुन्हा पट्टी. दोन्हींच्या मध्ये ती फट होती. मी चपला न काढता आत गेले.

"लाइट जाऊन आली," आप्पा म्हणाले, "तवापासून उतरली."

"बिघडलं असेल. बघते मी."

"बस तू." त्यांनी मला समोर बसवलं आणि एकेक पट्टी वाजवत गेले, खालपासून वरपर्यंत. "एक स्वर उतरला तर चूक त्या स्वराची. हे सगळे एकाच मापानं उतरलेत. सगळ्यांनी मिळून ठरवल्यावानी. अन् त्या दिवशी तीन दुकानांत तीन मशीनी, त्याबी ह्याच मापानं." ते थांबले. "तवाच कळायला पायजे होतं मला."

माझा हात आपसूक त्या बटणाकडे गेला.

"तुला ठावं होतं?"

"हो."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं, आप्पा."

"वाईट तर वाटायलंच की." त्यांचा आवाज चढला नाही. "पण बाई, मी चुकायलो म्हणून तू मशीनलाबी चुकायला लावलं? एवढ्या बायांना घेऊन मी चुकत बसलो असतो, अन् तू बटण दाबीत बसली असतीस, मी मरंपोत्तर?"

मला रडू आलं. त्यांची इज्जत राखतेय असं मला वाटत होतं आणि खरं तर मी त्यांना मोडीत काढलं होतं. ह्या वयात आता ह्यांना काही नवं सांगण्यात अर्थ नाही, असं मी त्या निळ्या दुकानात उभ्या उभ्या ठरवून टाकलं होतं. त्याची मला फार लाज वाटली. मी म्हटलं, चूक कसली, 'सा' कुठेही धरता येतो, जग चारशे चाळीसवर गातं म्हणून आपणही गायलाच पाहिजे असं थोडंच आहे.

"ते मला नको सांगू," ते म्हणाले. "वरचा धरायचा म्हणून धरला असता तर गोष्ट येगळी. मी काळी दोन म्हणून धरला."

मग त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, धोतराने चेहरा पुसला आणि मशीन माझ्याकडे वळवलं. "दाबून धर. सोडू नको."

मी काळी दोन दाबून धरली. आमच्या घरात आधी गळा आणि मग पेटी, ही रीत आयुष्यात पहिल्यांदा उलटी झाली. आप्पांनी डोळे मिटून सूर लावला, तो वर गेला. त्यांनी तो खाली आणला, तो फार खाली गेला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, सोमवारला दोन दिवस राहिलेले, आणि मंडळाला सांगायचं होतं की आपण सगळ्यांनी पहिल्यापासून शिकायचंय.

"पुन्हा," ते म्हणाले.