सीट चार बोटं खाली

गोंदिया स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या पाठपिशवीतून सायकलचं हँडल शिंगासारखं बाहेर आलं होतं. चहावाल्याने विचारलं, "मॅडम, बकरी ले जा रहे हो क्या?" मी म्हटलं, "हो, साताऱ्याची आहे, मारते." तो हसला आणि चहात आलं जास्त ठेचलं. इथे हिंदीत विचारावं आणि मराठीत उत्तर घ्यावं, कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

पिशवीत हँडलशिवाय नवी चेन, ब्रेकच्या तारा आणि डबीभर छर्रे होते. निवृत्त झाल्यापासून मला जुन्या सायकली दुरुस्त करायचं वेड लागलंय. यावेळची सायकल मात्र एके काळी माझीच होती. पुढे शॉकअप, मागे काही नाही. जाणकार तिला हार्डटेल म्हणतात. माझ्या धाकट्या भावाला, श्रीधरला, अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा मी ती त्याला देऊन टाकली. तिच्यावरून त्याने या भागातले सगळे तलाव पालथे घातले. मग दोन वर्षांपूर्वी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात-पाय बरेचसे परत आले, पण उमेद काही आली नाही. त्याच्या बायकोचा, कल्पनाचा फोन आला, "ताई, हे फाटकाच्या बाहेर पाऊल टाकत नाहीत. तुम्ही या." मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

सकाळची बल्लारशाची गाडी धुक्यातून निवांत निघाली. धान कापून झालं होतं. बांध्यांमधून (बांधाने वेढलेले धानाचे तुकडे) पुंजणे, म्हणजे कापलेल्या धानाच्या गंज्या, उभे होते आणि मधूनच एखादा तलाव यायचा. पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. मला वाटलं, ही गाडी कुठेच पोचू नये.

सौंदडला एक बाई उकडलेल्या शिंगाड्यांची टोपली घेऊन चढली आणि माझ्यासमोर बसली. कोनाकडं जाऊन राहिल्या, तिने विचारलं. भावाकडे, मी म्हटलं. बिमार हाय का? होता, आता बरा आहे.

"मंग रडून काऊन राहिल्या?"

मला पत्ताच नव्हता. तिने एक शिंगाडा सोलून माझ्या हातावर ठेवला आणि बाहेर बघू लागली. पिठूळ, गोडसर. मी तिच्याकडून पायलीभर तरी घेतले असतील.

सायकल गोठ्यात तणसाखाली (धानाच्या पेंढ्याखाली) सापडली. हँडलच्या नळीत उंदरांचा संसार, चेनचा गंजून दांडका झालेला. श्रीधर खुर्चीवर बसून बघत होता. म्हणाला, "भंगारवाल्याला दे म्हणून सांगितलं होतं हिला." मी म्हटलं, "मग तुलाही देऊन टाकलं असतं की वजनावर." तो हसला. पण उठून जवळ आला नाही.

त्याच दिवशी मी सगळं सुटं केलं. चाकं, ब्रेक, शॉकअप, पेडलचा दांडा, सगळं निघालं. दोन्ही ब्रेक डाव्या मुठीवर घ्यायचे हेही ठरलं, कारण उजव्या हाताची पकड कच्ची. अडलं ते फक्त सीटच्या नळीपाशी. श्रीधर उंच, आणि तरुणपणी ऐटीत राहणारा. सीट आभाळाला लावून ठेवलेली. आता थांबल्यावर दोन्ही पाय जमिनीला पुरले नाहीत तर तो पडणार, आणि एकदा पडला की पुन्हा बसणार नाही, हे मला आणि कल्पनाला पक्कं ठाऊक होतं. सीट चार बोटं खाली यायलाच हवी होती. पण ॲल्युमिनियमची ती नळी फ्रेमच्या लोखंडात इतकी वर्षं एकाच जागी राहून चिकटून बसली होती. मी तेल सोडलं, हातोडी मारली, ठेवणीतल्या शिव्या दिल्या. ढिम्म.

दुसऱ्या दिवशी फ्रेम खांद्यावर टाकून बाजारातल्या मेश्रामभाऊंच्या सायकल-दुकानात गेले. साठीचे गृहस्थ, एका पायाने जरा ताठ चालणारे. "जय भीम, ताई," म्हणाले आणि फ्रेमकडे बघताच त्यांनी ओळखलं, ही सरांची. नखाने नळी वाजवून ऐकली.

"हे मारानं नाई निंगत जी. इले शेका लागते."

शेकायचं म्हणजे धानाच्या तुसात. मागच्या अंगणात गिरणीवरून आणलेल्या तुसाचा ढीग होता. त्यात त्यांनी इस्तो (विस्तव) पुरला आणि फ्रेम उलटी करून सीटचा गळा आत रोवला. या आगीला जाळ नसतो. आतल्या आत ती दिवसभर धुमसते, आणि वर निळसर धूर जमिनीसरशी रेंगाळतो. तासा-दोन तासांनी मेश्रामभाऊ फ्रेम उपसायचे, पेडलच्या पोकळीतून आत थंड पाणी ओतायचे, मग तेल, की पुन्हा तुसात. लोखंडापेक्षा ॲल्युमिनियम लवकर आकसतं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्यांना बैलगाडीच्या चाकावर तापवून चढवायच्या लोखंडी धावेवरून. किती वेळ लागेल विचारलं तर म्हणाले, घाई कायले?

मग मी घाई सोडली. तलावाच्या पाळीवरून (बांधावरून) चालत गेले. कापलेल्या बांध्यांमध्ये लाखोरी (लाखेची डाळ) कोवळी हिरवी उगवली होती. पलीकडे सारसांची जोडी पाण्यात उभी होती, हलत नव्हती. मीही किती वेळ उभी होते कोण जाणे. दुपारी कल्पनाकडे लाखोरीची भाजी आणि भात, वर कच्च्या तेलाची धार. जेवून परत आले तर मेश्रामभाऊंच्या बायकोने त्याच तुसात रताळी पुरलेली. रताळ्यांना यंत्राच्या तेलाचा चांगलाच वास लागला होता. आम्ही तिघांनी बिनबोभाट खाल्ली.

तिसऱ्या दिवशी सकाळी नळी व्हाइसच्या शिकंज्यात धरून आम्ही दोघांनी फ्रेमलाच पीळ दिला. कुर्र करून आवाज आला आणि ती फिरली. अगं बाई, काय सांगू! मी मेश्रामभाऊंचा तेलकट हात धरून चक्क उड्या मारल्या.

बाकीचे भाग दुकानातच नेले आणि दुपारपर्यंत सायकल उभी राहिली. सीट तेवढी बसवून घरी आणा, असं मेश्रामभाऊंना सांगून मी आंघोळीला गेले. किती उंचीवर बसवायची ते सांगायचं राहिलं.

मेश्रामभाऊ सायकल घेऊन अंगणात आले तेव्हा ती लखलखत होती. आणि सीट? होती तिथेच, आभाळाला! नळीवरची जुनी खूण शोधून त्यांनी ती केसभरही न चुकता तिथेच आवळली होती. हाती आलेल्या सायकलीची सीट मालकाने सांगितल्याशिवाय हलवायची नाही, हा त्यांच्या दुकानाचा बापापासूनचा नेम. शिवाय ही सरांची सीट. अख्खी अर्जुनी सरांना त्या उंचीवरून ओळखायची.

श्रीधर बाहेर आला. सायकलीभोवती एक फेरी मारली. सीटवर हात ठेवला. ती त्याच्या कमरेला लागत होती. "छान झाली," म्हणाला आणि आत निघून गेला.

माझा पारा चढला. मेश्रामभाऊंना मी नको नको ते बोलले. सीट चार बोटं खाली हवी होती, तीन दिवसांची मेहनत पाण्यात घातलीत, असं सुनावलं. त्यांनी ऐकून घेतलं. खिशातून पाना काढला, सीट सैल केली, खाली सरकवली, आवळली. मग दाराकडे तोंड करून मोठ्याने बोलले,

"सर, माया गुडगा गेला तवा मी बी सीट खाली केली. पह्यले लाज वाटली. लोकं दोन दिवस पायतेत, मंग आपल्या कामाले लागतेत. तुमाले वरतीच बसाचं असन तं खुर्चीवर बसा."

कल्पनाने माझा दंड घट्ट धरला. मला वाटलं, संपलं.

श्रीधर बाहेर आला तो पायात बूट घालून. सायकल जरा तिरकी करून उजवा पाय पलीकडे टाकला, बसला. दोन्ही पाय जमिनीवर सपाट. डाव्या हाताने ब्रेक दोनदा दाबून पाहिला. मग कुणाकडेही न बघता फाटकातून बाहेर पडला आणि पाळीच्या दिशेने वळला. मी मागे धावणार होते; मेश्रामभाऊंनी नको म्हणून मान हलवली.

तासभर गेला. कल्पनाने चहा केला, तो कुणी प्यायलं नाही. मग तो आला. गुडघ्यापर्यंत चिखल, शर्टाला लाखोरीचा हिरवा डाग.

"बांध्यांच्या धुऱ्यावर पडलो," म्हणाला. "उठलो. सारस अजून तिथेच आहेत ताई."

मेश्रामभाऊंनी पुढचं चाक फिरवून वाकलंय का पाहिलं. मी त्यांची माफी मागितली, तर म्हणाले, चुकलो तं होतोच जी.

परत येताना गाडीत दिवसभर खिडकीशी बसून होते. श्रीधरला पहिल्यासारखं करायला मी गेले होते, म्हणून तर प्रत्येक छर्रा निवडून नेला होता. पहिल्यासारखी सीट पाहिली आणि तो आत गेला, हे मात्र डोळ्यांपुढून हटत नव्हतं.

साताऱ्याला पोचल्यावर मी माझी सायकल बाहेर काढली. गेली तीन-चार वर्षं मी शेजारच्या ओट्यावर पाय ठेवून तिच्यावर चढते आणि कुणी बघत असेल तर चपलेचा पट्टा नीट करायचं सोंग करते. कंबर दुखते हे मी श्रीधरलाही सांगितलेलं नव्हतं. पाना घेतला आणि सीट चार बोटं खाली केली.