जाऊबाईंच्या हातचा चहा

मला कॉफी आवडत नाही. हे आमच्या अख्ख्या खानदानाला माहीत आहे, शेजाऱ्यांना माहीत आहे, मी ज्या शाळेत शिकवायची तिथल्या शिपायालासुद्धा माहीत होतं. तरी एकोणीस वर्षं माझ्या थोरल्या जाऊबाई मला कॉफीच देत आल्या. कॉफी नसेल तर लिंबाचं सरबत, उन्हाळ्यात ताक, आणि एकदा तर भर डिसेंबरात पन्हं. चहा मात्र नाही. आमच्या ह्यांना चहा, सोबत आलेल्या पाहुण्याला चहा, रिक्षावाला थांबलेला असेल तर त्याला बाहेर चहा, आणि माझ्यापुढं कॉफीचा कप. मीही मुकाट्यानं पिऊन यायची. भांडायची सोय नव्हती, कारण चूक माझी होती.

झालं होतं असं. उस्मानपुऱ्यातल्या घरात आम्ही दोघी जावा अकरा वर्षं एका ओट्यावर राबलो. मग चूल वेगळी करायचं ठरलं, आणि आम्ही गारखेड्याला घर घेतलं. वेगळं व्हायची घाई मलाच होती, पण झालं तेव्हा डोकं फिरलं ते दोन गोष्टींवरून. सासूबाई म्हणाल्या, मी थोरलीकडंच राहणार. आणि देवही इथंच राहतील, असं त्यांनीच ठरवलं. थोरल्याकडं देव राहतात हे मला काय माहीत नव्हतं? पण कुणी मला नुसतं विचारलंसुद्धा नाही, ह्याचा राग. निघायच्या दिवशी दारात टेम्पो भरून उभा, शेजारच्या बायका गेटपाशी, आणि जाऊबाई ट्रेमध्ये चहा घेऊन आल्या. त्यांच्या हातचा चहा म्हणजे काय सांगू, आमच्या अख्ख्या गल्लीत तसा कुणाला जमत नव्हता. मी कप उचलला, सगळ्यांकडं एकदा बघितलं, आणि गेटजवळच्या नालीत ओतून दिला. मग टेम्पोत जाऊन बसले.

त्यानंतर येणंजाणं तुटलं नाही. आपल्याकडं कुठं तुटतं? लग्नं, बारशी, सणवार, सासूबाईंचं आजारपण, मग त्या गेल्या, चार वर्षांपूर्वी भाऊजी गेले. सगळ्याला मी होते. पण त्या घरात चहा म्हणून काही माझ्या वाट्याला आला नाही, आणि मीही कधी तोंड उघडलं नाही. मी लई ताठ आहे. आमचे हे म्हणतात, हिला माफी मागायला सांगितलं तर समोरच्यालाच दम देऊन येईल. खोटं नाही ते.

तर ह्या वर्षी माझ्या लेकीनं आणि जाऊबाईंच्या मुलानं मिळून बेत केला, की सगळ्यांनी क्रूझवर जायचं. मुंबईहून निघून गोवा, पुढं लक्षद्वीप आणि परत. आमच्या ह्यांनी पाण्याची भीती वाटते म्हणून अंग काढून घेतलं. मग दोन्ही कुटुंबांना एकेक केबिन आणि आम्हा दोघी म्हाताऱ्यांना मिळून एक, अशी वाटणी झाली. मी लेकीला म्हणलं, अगं, मला तुमच्यात कोंबा की. ती म्हणाली, काकू एकट्या पडतील. त्यावर काय बोलणार? क्रांती चौकातून मुंबईच्या बसमध्ये बसलो तेव्हाच मी मनाशी ठरवून टाकलं होतं. चार दिवस एका खोलीत राहायचंय. ह्या चार दिवसांत जाऊबाईंच्या हातचा चहा मला मिळाला तर आमचं काही शिल्लक आहे, नाही तर मेल्यावर तेराव्यालाच काय ते येणं. उगं आस धरायची नाही.

केबिन म्हणजे छोटीशीच. दोन पलंग, मध्ये हातभर जागा, एक गोल खिडकी आणि तिच्यातून नुसतं पाणी. टेबलावर एका ट्रेमध्ये विजेची किटली, दोन कप, चहाच्या दोऱ्याच्या पिशव्या, कॉफीच्या पुड्या, दुधाची पावडर, साखर. जाऊबाई बीडकडच्या, प्रवासाला निघताना अर्धं घर बांधून घेणाऱ्या. त्यांनी चहा उकळायला म्हणून विजेची छोटी शेगडी आणली होती, ती बंदरावर तपासणीतच काढून घेतली. पावती मिळाली, उतरताना परत देणार म्हणे. त्यावरून त्या तासभर कुरकुरल्या. किटलीत नुसतं पाणी तापवून वर पिशवी बुडवायची ह्याला चहा म्हणत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. ते माझंही म्हणणं होतं, पण मी काही हो म्हणाले नाही.

पहिल्या सकाळी मी जागी होते, डोळे मिटून पडलेली. त्यांनी आंघोळ केली, खिडकीकडं तोंड करून हात जोडले, मग किटलीचं बटण दाबलं. पाणी उकळल्याचा आवाज आला. पुडी फाडल्याचा आवाज आला. माझं काळीज धडधडायला लागलं, आता एकसष्टीत ही काय तऱ्हा, पण धडधडत होतं खरं. त्यांनी मला हाक मारली. उठून बघते तर त्यांच्या कपात चहा, आणि माझ्यासाठी कॉफी.

मी प्याले. आणि मग दिवसभर सगळ्यांवर खेकसत राहिले. जावई बिचारा, आई तुम्हाला लागली का बोट, असं विचारायला आला. मी म्हणलं, मला काही लागत नाही, मी कशाला लागून घेऊ!

रात्री पडल्या पडल्या ठरवलं, की उद्या आपणच करायचा चहा. त्यांनी दिला नाही तर नाही, मी देते. माझ्या हातचा त्यांनी घेतला तर तेवढंच तोंड उघडायला बरं. पण द्यायचा तर नीट, आलं घालून, दुधात उकळलेला. जाऊबाईंना मी पिशवीचं पाणी पाजणार नव्हते. सकाळी लवकर उठून मी वरच्या मजल्यावर नाष्ट्याच्या हॉलमध्ये गेले, पाण्याच्या बाटलीत गुपचूप दूध भरून घेतलं आणि पदराखाली धरून खाली आणलं. शाळेत पोरांच्या चोऱ्या पकडण्यात माझी हयात गेली, आणि म्हातारपणी मी दूध चोरत होते. चहापत्ती आणि आल्याचा तुकडा माझ्या पिशवीत होताच. आलं ग्लासाच्या बुडानं ठेचलं. दूध, पाणी, पत्ती, आलं, सगळं किटलीत ओतलं आणि बटण दाबलं.

जाऊबाई बाथरूममधून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "काय करायलीस?"

मी म्हणलं, चहा. त्या किटलीकडं बघत राहिल्या. किटलीत दूध तापवू नये हे जगात कुणाला माहीत असेल ते असो, आम्हा दोघींना नव्हतं. आणि पातेल्यातलं दूध वर येताना दिसतं तरी, हिच्यात काही दिसेना. एकदम तोटीतून फेस आला, मग झाकण उडालं, आणि सगळं दूध ट्रेवरून टेबलावर, टेबलावरून खालच्या गालिच्यावर. किटलीच्या बैठकीखाली चर्रर्र झालं आणि केबिनमधली वीज गेली. जळक्या दुधाचा वास. मी हातात पदर घेऊन उभी, पुसू काय आणि कुठून हेच कळेना.

थोड्या वेळानं दार वाजलं. साफसफाई बघणारी बाई होती, चाळिशीची, कडक इस्त्रीच्या गणवेशातली. तिनं आत एक नजर टाकली आणि हिंदीत विचारलं, हे कुणी केलं? किटलीत फक्त पाणी तापवायचं असतं, इथं चिठ्ठी लावलीय, दिसली नाही का? तिचा सूर अगदी माझा होता, वर्गात उभं करून विचारायचा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात जाऊबाई पुढं झाल्या.

"मेरेसे हुआ बेटी," त्या म्हणाल्या. "हमको मालूम नहीं था."

त्या बाईनं त्यांना चांगलं सुनावलं. आग लागली असती, बाकीचे प्रवासी आहेत, वय झालं तरी लक्ष द्यायला पाहिजे वगैरे. जाऊबाई मान हलवत उभ्या. त्या बाईनं माणूस बोलावून गालिचा पुसून घेतला, वीज चालू करून दिली, दुसरी किटली ठेवली, आणि जाताना पुन्हा एकदा बोट उगारून गेली.

दार लागल्यावर मी म्हणलं, "तुम्ही कशाला अंगावर घेतलंत? माझं होतं ते."

त्या पलंगावर बसल्या, ओले पाय पुसत. "सवय हाय," म्हणाल्या. सहज म्हणाल्या, टोमणा नव्हता. मी विचारलं, कसली सवय? त्या पायच पुसत राहिल्या. मी पुन्हा विचारलं. मग त्यांनी सांगितलं.

त्या दिवशी आमचा टेम्पो हलला तेव्हा सासूबाई बाहेर दारात आल्या होत्या. नालीतला चहा त्यांनी बघितला आणि विचारलं, कुणी ओतला? शेजारणी एकमेकींची तोंडं बघायला लागल्या. तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, दूध नासलं होतं, मीच ओतायला सांगितलं. झालं. घरातनं माणूस निघताना नासकं दूध, म्हणून सासूबाईंनी त्यांना सगळ्या गल्लीसमोर धुऊन काढलं. आणि पुढं मरेपर्यंत आल्यागेल्याला सांगत राहिल्या, की आमच्या थोरलीला नासकं दूध ओळखू येत नाही.

ते मी ऐकलेलं होतं. माझ्यासमोर सासूबाई दोन-तीन कार्यांत बोलल्या होत्या. कधीचं दूध, कुठलं दूध, मी विचारलं नव्हतं. मी हसले होते. बाकीच्या बायकांपेक्षा जरा मोठ्यानंच हसले होते, जाऊबाई तिथंच वाढत असताना. आता पलंगाच्या कडेला बसून मला ते हसू आठवलं आणि स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर होईना.

"का सांगितलंत तसं?" मी विचारलं.

"तू निघून गेलीस. मला तिथंच राहायचं होतं," त्या म्हणाल्या. "रोज उठून तुझ्या नावानं शिव्या ऐकायच्या, त्यापेक्षा माझ्या नावानं ऐकलेल्या बऱ्या."

मी त्यांची माफी मागितली. कशी मागितली ते नीट आठवत नाही, शब्द काही धड आले नसणार, सवय नाही. त्या म्हणाल्या, असू दे आता. मग मी मनातलं विचारूनच टाकलं. एवढं सगळं होतं, तर मला एकोणीस वर्षं चहा का नाही दिला? त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जसं काही मीच वेड्यासारखं बोलतेय. त्या म्हणाल्या, "माझ्या हातचा तू नालीत ओतलास. पुन्हा कुठल्या तोंडानं तुझ्यापुढं धरू? मागितला असतास तर टाकला असता."

एवढंच होतं ते. मागायचं. मी त्यांच्या घरी शंभर वेळा गेले असेन, आणि एक शब्द माझ्या तोंडातून निघाला नव्हता.

"ताई," मी म्हणलं, "चहा टाका."

त्या उठल्या. ह्याला काय चहा म्हणायचं, असं पुटपुटत त्यांनी किटलीत पाणी भरलं. बटण दाबून दोन्ही कप धुऊन आणले. पिशव्या बुडवल्या, वर-खाली केल्या, रंग येईना म्हणून चमच्यानं दाबल्या, दुधाची पावडर घातली. आणि साखरेच्या पुड्या हातात घेऊन म्हणाल्या, "तुला अडीच चमचे लागतात. ह्या तीन तरी घालाव्या लागतील."

मी म्हणलं, नको. मला शुगर आहे.

त्यांचा हात थांबला. कधीपासून, त्यांनी विचारलं. सात वर्षं झाली, मी म्हणलं. त्या म्हणाल्या, मला कुणी बोललं नाही. मी म्हणलं, मीच बोलू दिलं नाही. घरात सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की उस्मानपुऱ्यात कळायला नको, आणि तिथली गोड कॉफी, सरबतं तशीच पीत आले होते. मला कुणाची कीव नको होती. कुणाची म्हणजे ह्याच एका बाईची.

त्यांनी पुड्या ट्रेमध्ये ठेवून दिल्या आणि बिनसाखरेचा कप माझ्या हातात दिला. चहा फिका होता, पावडरच्या गुठळ्या वर तरंगत होत्या. मी प्यायला लागले. त्या समोर बसून एकेक विचारत गेल्या. पायाला मुंग्या येतात का? डोळे दाखवले का? रात्री उठावं लागतं का? मी सांगत गेले. ह्यांना सांगून ते घाबरतात, आणि लेकीला सांगून ती रागावते, म्हणून आत दाबून ठेवलेलंही सांगितलं.

"गोळी जेवणाआधी घेतेस का नंतर?" त्यांनी विचारलं.

आधी, असं म्हणता म्हणता मला रडू फुटलं. हे असलं विचारणारं बाईमाणूस मला एकच होतं, आणि तिला मी सात वर्षं काही कळू दिलं नव्हतं.