उजव्या हाताचा खांदा

माझ्या थोरल्या भावाने खोदाईचं छोटं मशीन घ्यायचं ठरवलं, तेव्हा दुकानात जायच्या आधी तो फाटकं मोजत हिंडला. आमचं काम म्हणजे लोकांच्या घरामागे चर खणून पाइप टाकायचे. खणायचं दादाने, पाइप टाकायचे मी. मोठी मशीनं फाटकातच अडकतात, म्हणून हा गडी सुतळी घेऊन ओळखीच्या प्रत्येकाच्या दाराशी उभा. काय करतोस असं कुणी विचारलं तर म्हणायचा, "स्थळ बघतोय. दारातून आत यायला हवं ना."

दुकानात तीन मशीनं होती आणि विक्रेता तिन्हींबद्दल इतकं बोलला की आमच्या डोक्याचा भुगा झाला. एक हलकं होतं, पण ओल्या मातीत डुगडुगेल म्हणे. दुसऱ्याला शेपूट नव्हतं, म्हणजे वळताना मागचा भाग भिंतीला लागत नाही. तिसऱ्याचे चाकांऐवजी असलेले पट्टे आत ओढून रुंदी कमी करता येत होती. दादा एकेकावर बसून आला आणि दर वेळी "हेच घेऊ" म्हणाला. मी वैतागलो. शेवटी बरोबर आलेल्या वहिनीने विचारलं, "त्या सगळ्यात अरुंद फाटकातून यातलं कुठलं जाईल?" तेवढ्यावर निकाल लागला आणि तिसरं मशीन घेतलं. मग विक्रेता चालवणाऱ्याच्या पायाखालचं रबर उचलून तिला काहीतरी समजावत बसला. आम्ही भाऊ तेव्हा बकेटच्या दातांवर हात फिरवण्यात गुंग होतो.

या मशीनला एक लांब हात असतो. त्याला खांदा आहे, कोपर आहे आणि टोकाला माती उचलणारं बकेट. चालवणाऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक दांडा. दादा भाड्याच्या जुन्या मशीनवर शिकला होता. तिथे उजव्या दांड्याने खांदा हलायचा, डाव्याने कोपर. हे त्याच्या हातात इतकं मुरलेलं की खणता खणता तो माझ्याशी भांडूही शकायचा.

सुरुवातीला सगळं सुरळीत चाललं. मग एका सकाळी, बेकरीच्या मागे खणताना, दादाने भरलेलं बकेट वर घ्यायला उजवा दांडा मागे ओढला. बकेट वर आलंच नाही. कोपर दुमडलं, बकेट जमिनीतूनच त्याच्याकडे खेचलं गेलं आणि जुना पाण्याचा पाइप फाटला. मी भिजलो, बेकरीवाला बोंबलत आला, आणि दादा नुसता आपल्या हातांकडे बघत राहिला.

मशीन घरामागच्या मोकळ्या जागेत आणून ठेवलं आणि आम्ही मेकॅनिकला घ्यायला गेलो. त्याने येऊन तेल बघितलं, फिल्टर काढला, नळ्या चाचपल्या, मग स्वतः बसून चालवलं. सगळं जिथल्या तिथे. दादा बसला, तरी ठीक. मेकॅनिक हात पुसत म्हणाला, "मशीन ठणठणीत आहे. काका, झोप होते ना नीट?"

पुढे हेच होत राहिलं. चांगलं चालायचं, मग एखाद्या सकाळी उलटं. बहुतेक सुट्टीनंतरच्या सकाळी. मला वाटलं, उभं राहून तेल आळसावत असेल. तेल बदललं. बॅटरीची तार काढून लावली. दांड्यांचे बोल्ट आवळले. काय बिघडलंय तेच कळेना, तर दुरुस्त काय करणार? मी स्वभावाने तापट माणूस. एकदा मशीनला लाथ मारली आणि दोन दिवस लंगडलो.

दादा मात्र चिडत नव्हता. मला त्याचीच धास्ती वाटायला लागली. एकदा चराच्या काठावर बसून तो हळूच म्हणाला, "बाबांचं असंच सुरू झालं होतं."

आमचे बाबा एके दिवशी कामावरून येताना कोपऱ्यावर उजवीकडे वळायचं सोडून डावीकडे वळले आणि परक्याच्या ओट्यावर जाऊन बसले. तिथल्या बाईंना म्हणाले, "पाणी आण गं." पुढे त्यांना आम्हीही ओळखू येईनासे झालो.

"काहीतरीच बोलतोस," मी म्हणालो.

"माझा हात उजवा आहे की डावा, हे मला बसल्यावर कळेनासं होतं रे. हिला सांगू नकोस. तेलाचं काम निघालंय असं सांगितलंय मी."

मी नाही सांगितलं. पण बाप दोघांचा एकच. जेवताना मी माझ्याच हाताकडे बघायला लागलो.

शेवटी दादाने मशीन विकायचं ठरवलं. दोन घरांमधला चर खणायचं काम अंगावर होतं. बाजूने गॅसचा पाइप जात होता, तिथे चुकला असता तर संपलंच. एक फरशीवाला मशीन बघायला आला. तो पट्टे वाकून बघत होता, एवढ्यात वहिनी घरातून तरातरा बाहेर आली.

"हे काय चाललंय?"

"विकतोय," दादा म्हणाला.

"मला न विचारता?"

दादा पट्ट्याला चिकटलेली माती खरवडू लागला. वहिनी काही हटेना, आणि फरशीवाला आळीपाळीने दोघांकडे बघू लागला. माझ्याच्याने राहवलं नाही. "वहिनी, त्याला उजवं-डावं कळेनासं झालंय," मी म्हणून टाकलं. "बाबांसारखं. उजवा दांडा ओढतो आणि खांद्याच्या ऐवजी कोपर हलतं."

वहिनीचा चेहरा पांढरा पडला. ती मशीनवर चढली, पायाखालचं रबर उचललं आणि एक छोटी मूठ दाखवली.

"ही फिरवली की दांड्यांची कामं बदलतात," ती म्हणाली. "खांदा डाव्या हाताकडे येतो. दोन्ही पद्धतीने चालवणारे असतात म्हणून ठेवलीय. दुकानातच सांगितलं होतं त्याने."

"मग फिरवलं कुणी?" मी विचारलं.

"मी. सुट्टीच्या दिवशी तुम्ही दोघं बाहेर गेलात की मी चालवते. मी डावखुरी, मला तसंच जमतं. परत फिरवून ठेवते, पण कधीकधी विसरते. त्या मेकॅनिकच्या दिवशी आठवण झाली, म्हणून तुम्ही यायच्या आत सरळ केली."

"आणि बोलली नाहीस?"

"हसाल म्हणून नाही बोलले, भावोजी. आणि हे काही तक्रार करेनात. मला वाटलं, उलटी दिसली की स्वतःच फिरवून घेत असतील."

मला आधी सणसणीत राग आला आणि मग एकदम रडू आलं. दादा बकेटच्या कडेवर बसला होता.

"म्हणजे मी ठीक आहे?" त्याने विचारलं.

वहिनी खाली उतरली, त्याच्या शेजारी बसली आणि त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरून रडत राहिली. फरशीवाला म्हणाला, "मग मी निघू का?" आणि निघाला.

थोड्या वेळाने दादा म्हणाला, "मूठ फिरव. बघू तुला काय येतं ते." तिने खणून दाखवलं. चर सरळ होता, माझ्या भावापेक्षा सरळ, पण हे मी त्या दिवशी बोललो नाही.

संध्याकाळी त्या दोन घरांच्या मालकाकडे जाऊन, उद्या खणायला येतो म्हणून आम्ही सांगून आलो. परतताना दादा माझ्यापुढे चालत होता. कोपऱ्यावर तो जरा थबकला आणि डावीकडे वळला. "दादा, घर उजवीकडे!" मी ओरडलो.

दादाने मागे वळून माझं तोंड बघितलं आणि खो खो हसत सुटला. मग परत आला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि मला उजवीकडे घेऊन निघाला. घर येईपर्यंत मी त्याच्याशी बोललो नाही.