हळदीचा धूर आणि प्रयोगशाळेचा डबा

साल दोन हजार अठरा. मी सत्तावन्न वर्षांचा, सहायक फौजदार, निवृत्तीला थोडेच महिने उरलेले. त्या वेळचं एक प्रकरण अजून डोळ्यांसमोर आहे.

अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीतून थर्माकोलचा डबा गायब झाला. आत बारीक बाटल्यांत गोठवलेलं प्रोटीन. किंमत ऐकून मी विचारलं, "औषध आहे का?" तिथल्या शास्त्रज्ञ मॅडम म्हणाल्या, "नाही. हे माणसाच्या शरीरात असतं. दुसऱ्या प्रोटीनला चिकटतं आणि त्याचं काम बदलतं. आम्ही ते जंतूंकडून बनवून घेतो आणि संशोधनासाठी प्रयोगशाळांना पाठवतो."

मी सातवी शिकलेलो, पण कळलं. बदलीचा आदेश चिकटला की माणूस तोच राहतो, ड्युटी बदलते. तसंच हे.

पॅकिंगला मोरिवलीची एक बाई होती. ती म्हणाली, डबा टेम्पोवाल्याला दिला. टेम्पोवाला म्हणाला, मिळालाच नाही. कॅमेरा बंद. मालकाने ठरवूनच टाकलं की दुसऱ्या कंपनीने बाईला फोडली. आमचे साहेबही म्हणाले, "बाईचं नाव घाला."

मी म्हटलं, "पुरावा द्या, घालतो." साहेब चिडले. चिडू देत.

बाईला महिला शिपायासमोर बसवून विचारलं. ती रडली नाही. म्हणाली, "सायेब, डबा मी त्याचे हातान दिला. माझे पोरीचा साखरपुडा ठरलाय. बदलापूरचे पावणे बोलतात, आता थांबू. तुमी उद्या सोडाल मना, पन ते?"

मॅडमना मी एकच गोष्ट परत विचारली. बाटल्यांशिवाय डब्यात काय होतं? "ड्राय आइस. सुका बर्फ. पाण्यात टाकला की धूर होतो, तो."

दुसऱ्या दिवशी माझ्या खबऱ्याचा फोन आला. "दादा, तुमचा टेम्पोवाला लग्नाच्या सीझनला डेकोरेशन पण करतो ना? परवा सोनिवलीला हळदीत त्यानेच नवऱ्याची एन्ट्री केली. एवढा धूर काढला, नवराच दिसेना. करवली स्टेजवरून पडता पडता वाचली."

परवा म्हणजे डबा गेला तोच दिवस. मी सरळ उल्हासनगर कॅम्प दोन गाठला. लग्नाचं सामान विकणारा एक सिंधी दुकानदार ओळखीचा होता. धुरासाठी तो सुका बर्फही ठेवायचा, त्याचं विचारलं.

"साई, परसो बडा मुहूर्त था. माल सुबह ही खतम. टेम्पोवाला बहुत पीछे पडा, उसको भी ना बोला."

मग धूर आला कुठून?

टेम्पोवाल्याला पोलीस ठाण्यात बोलावला. चहा दिला. कप धरताना त्याचे हात बघितले. बोटांच्या टोकांना पांढरट फोड.

"काय झालं रे?"

"पातेलं लागलं, साहेब."

"पातेल्याने दोन्ही हातांची सगळी बोटं भाजतात? सुक्या बर्फाच्या गारव्यानेही कातडी भाजते, म्हणून कंपनीतले तो हातमोजे घालून उचलतात. तुला घाई होती."

त्याने कप खाली ठेवला आणि बोटं मुठीत लपवली.

"किती घेतले? कुणाला विकलास?"

"विकला नाय साहेब. धूर केला." मान खाली. "नवऱ्याच्या बापाला शब्द दिलेला. बाटल्या काढून ठेवल्या होत्या. सकाळी साधा बर्फ भरून डबा पोचवणार होतो. पण मंडपातच बाटल्यांतलं वितळून पाणी झालं. मग घाबरलो."

बाटल्या टेम्पोच्या सीटखाली सापडल्या. पंचांसमक्ष जप्त केल्या, गुन्हा त्याच्या नावावर नोंदवला. मॅडमनी एक बाटली हलवून बघितली आणि परत ठेवली. म्हणाल्या, "गेलं सगळं. पुन्हा पहिल्यापासून."

आम्ही सगळे महाग वस्तूच्या मागे लागलो होतो आणि चोराला हवं होतं त्या वस्तूचं गार अंथरूण. तेव्हापासून मी नव्या पोरांना सांगतो, माल कितीचा ते नंतर बघा, कुणाला कशासाठी लागला ते आधी बघा. आणखी एक. आपल्या डायरीत माणूस सुटला म्हणून गावात सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कडक इस्त्रीचा गणवेश घातला आणि बदलापूरला त्या पाहुण्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. मुलाचा बाप दचकला.

"कुणाला न्यायला आलो नाही," मी म्हटलं. "तुमच्या विहीणबाईंचं नाव आमच्याकडे कुठं नाही, एवढं सांगायला आलोय. साखरपुड्याची तारीख ठरवा, तोवर मी बसतो. चहा ठेवायला सांगा."