पासपोर्टावरचं नाव

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी मी नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका ट्रॅव्हल एजन्सीत कामाला होते. "म्हणजे वणीच्या देवीला जाणाऱ्या जीपा भरता का गं?" असं माझ्या मामाने विचारलं, तेव्हा दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नव्हते. आम्ही विमानाची तिकिटं काढायचो. पिंपळगावचे द्राक्षवाले हॉलंडला निघाले की आमच्याकडे यायचे, आणि मुलंबाळं अमेरिकेत असलेले आईबापही यायचे.

माझ्या टेबलावरचा कॉम्प्युटर म्हणजे काळा पडदा आणि हिरवी अक्षरं. माऊस वगैरे लाड नव्हते. टेलिफोनच्या तारेने तो मुंबईला आणि तिथून परदेशातल्या कुठल्याशा मोठ्या यंत्राला जोडलेला होता. तारीख आणि दोन शहरांची तीन-तीन अक्षरं टाकली की त्या दिवशीची विमानं एकाखाली एक यायची, प्रत्येकापुढे एक आकडा. नऊ म्हणजे नऊ किंवा त्याहून जास्त जागा, शून्य म्हणजे भरलं. जागा उचलायची, आडनाव, नाव, फोन, तिकीट कधीपर्यंत काढणार ती मुदत, एवढं भरायचं आणि शेवटची कळ दाबायची. ती दाबेपर्यंत काहीच खरं नाही. दाबली की सहा अक्षरांचा नंबर यायचा, आणि मग ती जागा जगातल्या दुसऱ्या कुठल्याही एजंटाला मिळत नसे. नाशकात बसून मी टोकियोवाल्याची जागा उडवते, याचा मला भारी तोरा होता.

तो तोरा एका मे महिन्यात उतरला.

इंदिरानगरचे एक निवृत्त हेडमास्तर आले होते. मी त्यांना काका म्हणायचे. त्यांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण अमेरिकेत होतं, जावई कामावर, घरात दुसरं बाईमाणूस नाही. काकू एकट्या जाणार होत्या. काकांचा पासपोर्टच नव्हता, आणि "बाळंतपणात माझं काय काम?" असं त्यांचं म्हणणं. काकूंचा पासपोर्ट व्हिसासाठी मुंबईला गेला होता, म्हणून नाव काकांनी तोंडी सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून, फळ्यावर लिहून देत असल्यासारखं. मी ते टाकलं आणि कळ दाबली. मे महिन्यात मिळालेली ती बहुधा शेवटची जागा होती.

मुदतीच्या दिवशी सकाळी दोघं पासपोर्ट घेऊन आले. तिकीट छापण्याआधी मी तो उघडला. फोटो काकूंचा, आडनाव काकांचं, पण नाव भलतंच!

"काका, हे काय?"

"ते शाळेतलं नाव. जन्माचा पुरावा म्हणून शाळेचा दाखला जोडला होता ना," काका शांतपणे म्हणाले. "लग्नात मी नाव बदललं. सगळे तिला त्याच नावाने ओळखतात. अख्ख्या कॉलनीत विचार."

"विमानतळावर कॉलनी येणार आहे का?" मी ओरडलेच. खरं तर चूक माझी होती. पासपोर्ट डोळ्यांनी पाहिल्याशिवाय नाव टाकायचं नाही, हे मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.

आता पंचाईत अशी, की बुकिंगमध्ये तारीख बदलता येते, जेवण बदलता येतं, फोन बदलता येतो, पण नाव बदलता येत नाही. तसं चाललं असतं तर एजंटांनी खोट्या नावांनी सुट्टीतल्या जागा अडवून ठेवल्या असत्या आणि मागून गिऱ्हाईक मिळेल तसं नाव घातलं असतं. जुनं रद्द करून नव्याने घ्यावं, तर रद्द केलेली जागा क्षणात यंत्राकडे परत जाते, आणि यादीत वाट बघत बसलेल्या पहिल्या माणसाला मिळते. त्या विमानापुढे शून्य होतं. पुढची मोकळी जागा तीन आठवड्यांनी, आणि लेकीचे दिवस दहा दिवसांत भरत होते. शिवाय संध्याकाळी सहापर्यंत तिकीट निघालं नाही, तर यंत्र कुणाला न विचारता जागा सोडून देणार होतं.

मी विमान कंपनीच्या मुंबई ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाई आधी साफ नाही म्हणाल्या. मी लेकीचं सांगितलं, चिडले, मग अजिजी केली. शेवटी त्या म्हणाल्या, "दोन्ही नावांची बाई एकच आहे, असा कागद फॅक्स करा. बघते."

असा कागद कुठून आणायचा? लग्नपत्रिकेवर माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. दोन्ही एकत्र कुठेच नव्हती. काका उठले, स्कूटरला किक मारली आणि कोर्टाकडे प्रतिज्ञापत्र करायला गेले.

काकू माझ्यासमोर बसून राहिल्या. मी चहा मागवला.

"तांदळात अंगठीने लिहिलं होतं त्यांनी माझं नवं नाव," त्या म्हणाल्या. "मला आधी विचारलंही नव्हतं. पण खरं सांगू का, ठेवलं मात्र, हाक कधी मारलीच नाही. 'अगं ऐकलंस का', एवढंच. छत्तीस वर्षं मी ऐकतेय."

"आणि शाळेतलं नाव?"

"ते माहेरी, देवळ्यालाच राहिलं. आई होती तोवर कानावर पडायचं." त्यांनी कप खाली ठेवला. "पोर एकटी आहे गं तिथे. तुझ्या त्या डब्यात काय हवं ते नाव घाल, पण मला पोचव."

मला एकदम रडू आलं. मी प्रिंटरचा कागद नीट करायला उठले.

काका साडेतीनला घामाघूम होऊन परतले. स्टँपपेपरवर टाईप केलं होतं, की अमुक आणि तमुक या नावांची व्यक्ती एकच असून ती माझी धर्मपत्नी आहे. खाली नोटरीचा शिक्का. फॅक्स दोनदा अडकला. तिसऱ्यांदा गेला. मग मी दर पाच मिनिटांनी तो सहा अक्षरी नंबर टाकत बसले, आणि दर वेळी काकांनी ठेवलेलंच नाव वर यायचं. पाच वाजून गेले. काका येरझाऱ्या घालत होते, तेव्हा मी त्यांना चांगलंच झापून खाली बसवलं. हेडमास्तरांना झापायची संधी पुन्हा मिळाली नाही.

साडेपाचच्या सुमाराला नाव बदललेलं आलं. मी किंचाळले. काकू टेबलावरून वाकून त्या हिरव्या अक्षरांकडे बघत राहिल्या.

छापण्याआधी नाव वाचून घ्या, असं मी काकांना सांगितलं. त्यांनी सगळी अक्षरं सुटी सुटी वाचली, सलग नाव काही उच्चारलं नाही. मी सहाला दहा कमी असताना तिकीट छापलं.

दोन आठवड्यांनी काका पेढे घेऊन आले. नात झाली होती, काकू पाच दिवस आधीच पोचल्या होत्या. मी दोन पेढे लागोपाठ खाल्ले आणि काकूंशी बोलणं झालं का, ते विचारलं.

"झालं काल," काका म्हणाले. ते पेढ्यांच्या पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत होते. "फोन जावयाने उचलला. तिला बोलाव म्हणून सांगितलं. ती आली, आणि मला काय झालं कोण जाणे, मी तिला नावाने हाक मारली."

"कोणत्या?"

"पासपोर्टावरच्या. तिकडून आवाजच येईना. मला वाटलं लाईन गेली. हॅलो हॅलो करत होतो." काकांनी बोटाचा दोरा सोडवला. "मग म्हणाली, पुन्हा एकदा म्हणा."