कांबळेबाईंची एकच पसंती

गेल्या वर्षी जूनची सात तारीख, शनिवार. रक्कम नऊशे रुपये, पालिका शाळांतील संगीत शिक्षक भरतीचे ऑनलाइन शुल्क. हजर : मी, माझी बायको आणि कांबळेबाई. बाईंची बाजाची पेटीही होती, कारण त्या शिकवणीवरून थेट आमच्याकडे आल्या होत्या. शाळेची पेटी उंदरांनी खाल्ल्यापासून तिथेही त्या हीच खांद्यावरून नेत-आणत.

घाटकोपरच्या आमच्या इमारतीत त्या वरच्या मजल्यावर राहत. जवळच्या पालिका शाळेत बारा वर्षे तासिका तत्त्वावर गाणे शिकवत होत्या. जेवढे तास तेवढे पैसे, सुट्टीत काही नाही. वडील आंबेडकरी जलशात गायचे, पेटी त्यांचीच. सुरात न लागणाऱ्या मुलाला बाई गप्प बसवत नसत. शेजारी घेऊन भाता हलवायला देत. म्हणत, "बेसूर पोर नसतं भाऊ, घाई झालेलं असतं. हवा हातात दिली की ऐकायला लागतं."

संगणकावर चक्र फिरत असताना त्या गुणगुणत होत्या. मध्येच म्हणाल्या, "तुमचा पंखा पांढरी दोनच्या सुरात लागलाय." मी कागदपत्रे तपासत होतो. वयाच्या अटीत बसण्याचे त्यांचे ते शेवटचे वर्ष.

मग शाळांचा पसंतीक्रम आला. वीस रकाने. बाईंनी एकच शाळा सांगितली, आपली. बाकीच्याही भरा, ही गेली तर सगळेच गेले, असे मी दोनदा समजावले. बायको म्हणाली, "नोकरी तर लागू दे गं, मग बदली माग."

"पोरं अर्ध्या गाण्यात आहेत, वहिनी. मधेच कशी उठू?"

एकोणीस रकाने रिकामे ठेवून मी अर्ज पाठवला.

दिवाळीनंतर यादी लागली. त्या शाळेपुढे दुसरे नाव होते. बाई पडद्याकडे बघत बसल्या. चहा निवला, त्यावर साय धरली. मग म्हणाल्या, "पंखा सुरातून उतरलाय तुमचा." आणि वर गेल्या.

नव्या शिक्षिका रुजू झाल्या त्या दिवशी बाईंनी मला सोबत बोलावले. एरवी चालत जाणाऱ्या बाईंनी रिक्षा केली, पेटी मांडीवर घेतली. नवी मुलगी पंचविशीतली, साताऱ्याकडची. शाळेत पेटी नाही हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. बाईंनी आपली पेटी तिच्यापुढे ठेवली.

"काळी चार जपून वाजव, ओल्या हवेत अडकते. आणि तो कोपऱ्यातला, त्याला भात्यावर बसव."

"परत कधी देऊ, मॅडम?"

बाई दाराकडे निघाल्या. मुलांनी गाणे धरले होते. आम्ही दाराबाहेर उभे होतो. गाणे अर्ध्यावर आले तेव्हा बाई म्हणाल्या, "चला भाऊ."

जाताना रिक्षाचे चाळीस रुपये झाले होते. ते बाईंनीच रिक्षावाल्याला दिले. येताना पेटी नव्हती, म्हणून चालत आलो.