हर्निया सांगणारी बाई

मुलुंडच्या एका हॉस्पिटलात ड्रेसिंगसाठी थांबले असताना ती शेजारी येऊन बसली. माझ्या तळपायाला मेलानोमा, म्हणजे तिळासारखा दिसणारा त्वचेचा कॅन्सर झाला होता आणि तो पसरू लागल्याने जांघेतल्या गाठी काढल्या होत्या. तिच्या काखेतल्या काढल्या होत्या. जखमेतलं पाणी जमा होणारी बाटली मी ओढणीखाली लपवत होते. तिने आपली बाटली साडीच्या दुकानाच्या पिशवीत घालून पर्ससारखी मांडीवर घेतली होती.

बोलता बोलता मी घरी भेटायला येणाऱ्यांची तक्रार केली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला गव्हांकुरांचा रस सांगितला होता, मावशीने सकारात्मक विचार करायला सांगितलं होतं आणि नणंदेने, "एका तिळासाठी एवढं ऑपरेशन?" असं विचारत बिस्किटांचा पुडा संपवला होता.

ती शांतपणे म्हणाली, "कॅन्सर म्हटला की लोक माझ्याच घरात येऊन रडतत, नि मीच उठान तेंका चाय करतंय. म्हणान मी आता हर्निया सांगतंय. हर्नियाक कोण रडणा नाय."

मी इतकी हसले की टाके ओढले गेले.

तेवढ्यात नर्सने तिला आत बोलावलं. उठता उठता तिने विचारलं, "तुका भिती वाटता काय गो?"

"नाही हो," मी सगळ्यांना देते तेच उत्तर दिलं.

"माका वाटता," ती म्हणाली आणि पिशवी सांभाळत आत गेली.

ती गेल्यावर, ऑपरेशननंतर पहिल्यांदाच, मला रडू आलं. ज्याला मीच धीर द्यावा लागेल असा कुणी नातेवाईक समोर नव्हता, म्हणून मी ते अडवलं नाही.